रिक्षा : नाम आणि रचना

‘रिक्षा’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की, त्यातील ‘क्ष’मुळे तो संस्कृतोद्भव वाटावा. वस्तुतः त्याचे मूळ जपानी होय. ‘जिन’ म्हणजे मनुष्य, ‘रिकि’ म्हणजे बळ व ‘शा’ म्हणजे गाडी. माणसाने ओढावयाच्या दोनचाकी गाडीस ‘जिनरिकिशा’ हे नाव १८७० च्या सुमारास जपानात मिळाले. इंग्रजीच्या वाटेने भारतात येताना या समासाचा आद्य घटक गळाला. नावातून माणूस गेला. गाडीच्या दांड्यांमधून मात्र तो सुटला नाही.

पुढे हातरिक्षेची सायकल-रिक्षा झाली. हे वाहन स्वस्त व गल्लीबोळांत सहज शिरणारे खरे. परंतु एका स्वारासाठी योजिलेली सायकलीची रचनाच तिघांच्या भारासाठी वापरली गेली. गिअर नाहीत, ब्रेक बहुधा पुढच्याच चाकास, आणि छप्पर वारा अडविणारे. माणूस दीर्घकाळ देऊ शकतो अशी शक्ती सुमारे ७५ वॉट, म्हणजे एका अश्वशक्तीचा दशांश. एकूण ३०० किलोग्रॅम भार शेकडा ३ चढावर नेताना, घर्षण जमेस न धरताही, या शक्तीने ताशी ३ किलोमीटरच वेग मिळतो. म्हणूनच चढ आला की चालकास उतरून गाडी ढकलावी लागते. रचनेतील प्रत्येक दोषाची किंमत त्याचे शरीर भरते.

या दृष्टीने फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेतील अनिल राजवंशी यांचे कार्य लक्षणीय आहे. वाहन टाकून न देता त्यांनी त्यास गिअर व सुधारलेले ब्रेक दिले, आणि विजेच्या मोटरीची जोड देऊन पाहिली. २०१५ च्या कायदादुरुस्तीने ई-रिक्षेस देशभर मान्यता मिळाली.

मुंबई-पुण्याकडे नुसते ‘रिक्षा’ म्हटले म्हणजे आज मोटार-रिक्षाच समजली जाते. मूळ अर्थासच ‘हात’ हे विशेषण लावावे लागते. जे रूढ ते विशेषणावाचून चालते, हा भाषेचा सामान्य नियम होय. परंतु मोटारबंदी असलेल्या माथेरानात हातरिक्षा टिकून राहिली. तेथील ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला. त्या समासातील पहिले पद भाषेने शतकापूर्वीच गाळले होते. ते रस्त्यावरून गळण्यास यंत्राबरोबर कायद्याचीही गरज पडली.