द्रावकांची वाफ आणि नियमांचे पालन

चेन्नईतील तिरुवल्लिकेणीसारख्या दाट वस्तीत एखाद्या दाराला तेलरंग दिला, की उग्र वास गल्लीभर पसरतो. रंग पातळ करण्यासाठी मिसळलेले द्रव्य उडून जाते, त्याचा हा वास होय. अशा द्रव्यास द्रावक म्हणतात. टोल्युइन, झायलीन इत्यादी द्रावक रंग, छपाईची शाई व औषधे यांच्या कारखान्यांत फार मोठ्या प्रमाणावर लागतात. त्यांची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले असता जमिनीलगत ओझोन तयार होतो व तो फुप्फुसांस अपाय करतो. त्यांच्याच जातीच्या बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो.

वाफ कोळशाच्या थरातून गाळणे, थंड करून पुन्हा द्रव करणे किंवा जाळणे, हे उपाय ज्ञात आहेत. तथापि त्यांस खर्च येतो. एकानेच तो सोसला तर शेजारचा कारखानदार स्वस्तात माल विकतो. म्हणून नियम सर्वांस समान असावा लागतो. युरोपीय संघाने १९९९ साली असा नियम केला आणि १ एप्रिल २००१ पर्यंत तो आपापल्या कायद्यात उतरविण्याचे बंधन सदस्य राष्ट्रांवर घातले. कसूर करणाऱ्या राष्ट्रास न्यायालयात उभे करता येते.

भारतात १९८१ च्या वायुप्रदूषण अधिनियमाने मानके ठरविण्याचे काम केंद्रीय मंडळाकडे, तर कारखान्यांवर देखरेख ठेवण्याचे काम मुख्यतः राज्य मंडळांकडे दिले. २००९ साली हवेतील बेंझीनची वार्षिक मर्यादा दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरली. त्याच वर्षी देशातील औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढण्यात आला. तिरुवल्लिकेणीच्या उत्तरेस सुमारे १२ किलोमीटरवर, तेलशुद्धीकरण व रसायनांचे कारखाने असलेल्या मनलीचा अंक ७६.३२ आला. ७० च्या वरचे क्षेत्र अतिप्रदूषित समजतात. सुधारणेच्या योजना आखल्या गेल्या; तरीही २०१८ साली मनलीचा अंक ८४.१५ होता. मधल्या काळात मोजणीची पद्धत बदलली होती, म्हणून दोन अंकांची थेट तुलना करता येत नाही. परंतु मनली अतिप्रदूषितच राहिली, हे निश्चित. महाराष्ट्रातील तारापूरचा अंक तर त्या वर्षी ९३.६९ होता.

राज्य मंडळाने केंद्रीय मंडळाचे आदेश पाळले नाहीत व त्यामुळे गंभीर संकट ओढवले, तर ते काम केंद्रीय मंडळाकडे सोपविण्याचा अधिकार याच अधिनियमाने केंद्र सरकारला दिला आहे. म्हणजे राज्याच्या हातून कसूर होऊ शकेल, हे कायद्याने गृहीत धरलेच आहे. मर्यादा कागदावर लिहिल्याने वाफ थांबत नाही. ती नियमितपणे मोजणे, मोजलेले लोकांपुढे मांडणे आणि मर्यादा ओलांडणाऱ्यास रोखणे, या तिन्ही गोष्टी घडल्या तरच नियम हवेपर्यंत पोहोचतो.