स्वयंचलित गिअरची गाडी अडखळते तेव्हा

‘गिअरबॉक्स बदलावा लागेल’ हे वाक्य ऐकले की वाहनकर्जाचे हप्ते फेडणाऱ्या ग्राहकाच्या पोटात गोळा येतो. तथापि गाडीचे अडखळणे व गिअर बदलताना बसणारे धक्के यांचे मूळ नेहमी गिअरबॉक्समध्येच असते असे नाही.

प्रथम आपल्या गाडीतील यंत्रणा कोणती, हे जाणून घ्यावे. मारुती सेलेरियोबरोबर २०१४ मध्ये आपल्याकडे आलेल्या एएमटीत गिअरबॉक्स साधाच असतो. क्लच दाबण्याचे व गिअर बदलण्याचे काम तेवढे चालकाऐवजी यंत्र करते. त्यामुळे गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटणे हा तिचा स्वभाव होय, दोष नव्हे. धक्के पूर्वीपेक्षा वाढले असल्यास मात्र क्लचची झीज तपासावी.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत निदानाचा आरंभ तेलापासून होतो. लिव्हर ‘डी’वर आणल्यावर गाडी दोन-तीन सेकंद थबकत असेल, तर तेल कमी असल्याचा संशय घ्यावा. एरवी बहुधा लाल असणारे हे तेल काळपट होऊन त्यास जळका वास येत असेल, तर आतील क्लचच्या चकत्या झिजल्या असण्याचा संभव मोठा. (पुष्कळ नव्या गाड्यांत तेल मोजण्याची पट्टीच नसते, तेथे कार्यशाळा गाठण्यावाचून गत्यंतर नाही.)

तेल ठीक असल्यास स्कॅनर लावून दोषसंकेत वाचून घ्यावेत. ‘पी ०७००’ एवढ्यावर समाधान मानू नये. गिअरच्या नियंत्रकात बिघाडाची नोंद झाली आहे, इतकेच तो सांगतो. नेमका संकेत त्या नियंत्रकातूनच वाचावा लागतो. ‘पी ०३००’ निघाल्यास इंजिनात इंधन नीट पेटत नाही असे समजावे. तेव्हा दोष स्पार्क प्लगचा वा कॉइलचा असू शकतो आणि गिअरबॉक्सच्या तुलनेत तो खर्च किरकोळ ठरतो.

संकेतांची छापील प्रत अवश्य मागून घ्यावी. वॉरंटीची मुदत शिल्लक असल्यास दाव्यासाठी ती उपयोगी पडते.