खेळाला खेळाडू किती कळावा?

'बीट सेबर' नावाचा एक खेळ आहे. डोळ्यांवर आभासी वास्तवाचा चष्मा चढवायचा, दोन्ही हातांत कंट्रोलर धरायचे आणि गाण्याच्या ठेक्यावर समोरून येणारे ठोकळे तलवारीने कापत सुटायचं. ना नाव सांगायला लागतं, ना गाव. २०२३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खेळाच्या ५५,५४१ खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. गुणतक्त्यावर आपला नंबर लागावा म्हणून खेळाडूंनी त्या आपणहून पाठवलेल्या होत्या. डोकं आणि दोन हात कसकसे हलले, एवढंच त्यांत होतं. प्रत्येकाच्या पाच मिनिटांच्या हालचाली संगणकाला शिकवल्या. मग त्याच माणसांच्या दुसऱ्या वेळच्या हालचाली दाखवून विचारलं, हा कोण? शंभर सेकंदांच्या हालचालीवरून त्याने पंचावन्न हजारांतून नेमका माणूस काढून दाखवला, शंभरातल्या ९४ वेळा. दहाच सेकंद दिले तरी ७३ वेळा!

मान वळवायची ढब, हात उगारायचा वेग, खांद्यापासून मनगटापर्यंतचं अंतर. हे सगळं आपण चारचौघांत उघडं घेऊन फिरतो आणि ती आपली ओळख आहे हे आपल्या ध्यानीमनीही नसतं. फॉर्म भरताना माणूस सावध असतो, बँकेत तर फारच. खेळताना तो सर्वांत बेसावध असतो. म्हणून खेळाच्या हाती लागणारी माहिती मला इतर कुठल्याही माहितीपेक्षा जास्त खरी वाटते, आणि जास्त जपण्याजोगीही.

आता वर्धा जिल्ह्यात येऊ. आर्वी तालुक्यातलं रोहणा. कापूस, सोयाबीन, तुरीचा हा मुलूख. इथल्या घरात चष्मा बिष्मा नाही. फोन आहे, आणि तोही बहुधा बाबांचा. बाबा वावरातून आले, फोन चार्जिंगला लागला, की पोट्ट्यांचे हात तिकडे वळतात. खेळाच्या चित्रावर बोट टेकलं, रंगीत पडदा उघडला, गोल चक्र फिरू लागलं. ते चक्र फिरत असताना काय काय घडतं ते पाहा. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, पडद्याचा आकार, निवडलेली भाषा, इंटरनेट कुठल्या कंपनीचं, आयपी पत्ता, आणि जाहिरातींसाठी फोनला दिलेला ३२ आकडे-अक्षरांचा एक लांबलचक क्रमांक, हे सारं दूरच्या सर्व्हरकडे रवाना होतं. खेळ सुरू झाला की कुठे हरला, कुठे कंटाळून बंद केला, कुठल्या बक्षिसासाठी पुन्हा उघडला, याचीही भर पडत जाते.

यातलं पुष्कळसं खेळासाठी खरोखर लागतं, हे मान्य करायला हवं. नवख्याला कसलेल्याशी लढवलं तर तो दोन डावांत खेळ सोडेल, म्हणून प्रत्येकाचं कसब मोजावं लागतं. नेम आपोआप लावून देणारं चोरटं सॉफ्टवेअर वापरणारा पकडायचा तर माणसाच्या हाताचा वेग माहीत असावा लागतो. दुसऱ्या बाजूला, नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा २०१६ साली आलेला 'लुडो किंग' इंटरनेट बंद ठेवूनही खेळता येतो. एकाच फोनभोवती चौघं बसतात आणि फोन हातोहात फिरतो. कोण जिंकलं हे त्या चौघांना ठाऊक असतं, बाहेर कुणाला कळायची गरजच नसते. खेळाला किती माहिती पुरते, या प्रश्नाची ही दोन टोकं. कायदा या दोहोंच्या मध्ये रेघ ओढू पाहतो.

आपल्याकडची ही रेघ २४ ऑगस्ट २०१७ पासून सुरू होते. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या नऊ जणांत नागपूरचे शरद बोबडे होते, आणि मुख्य निकालपत्र लिहिणारे धनंजय चंद्रचूड होते. आणीबाणीतल्या ज्या निकालात त्यांचे वडील यशवंत चंद्रचूड बहुमताच्या बाजूने होते, तो निकाल या निकालपत्राने मोडीत काढला. मग न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीचा २०१८ चा अहवाल, त्यानंतर बरीच रखडपट्टी, आणि शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कंपन्यांना तयारीसाठी दीड वर्ष दिलंय, म्हणजे मुख्य तरतुदी मे २०२७ मध्ये लागू होतील. खेळ बनवणारी कंपनी परदेशात असली तरी ती भारतातल्या लोकांना सेवा देत असेल तर हा कायदा तिलाही लागू आहे.

या कायद्यातला खेळांच्या दृष्टीने सर्वांत अवघड भाग मुलांचा. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने तेराच्या आतल्याला मूल मानलं. युरोपात ही मर्यादा देशागणिक तेरा ते सोळा. आपण थेट अठरा धरली. अठराच्या आतल्या मुलाची माहिती घ्यायची तर आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांचा माग काढायचा नाही, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. मोडलं तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत.

आणि इथे एक विलक्षण पेच उभा राहतो. समोरचा मूल आहे म्हणून त्याच्याबद्दल कमी जाणून घ्यायचं; पण तो मूल आहे हे कळायला आधी त्याच्याबद्दल जाणून घ्यायला हवं! तेही एकट्याचं नाही, प्रत्येक खेळाडूचं वय विचारायला हवं. त्यात 'हो' म्हणणारा खरंच बाप आहे की मोठा भाऊ, हेही पाहायला हवं. जपायला निघालेला कायदाच माहितीचा ढीग वाढवून बसेल की काय?

नियमांनी यावर दोन वाटा दिल्या आहेत. आईवडिलांची ओळख आणि वय कंपनीकडे आधीच खात्रीशीर नोंदलेलं असेल तर ते चालेल. नाहीतर डिजिलॉकरसारख्या अधिकृत सेवेने पडताळून दिलेलं टोकन चालेल. या टोकनची कल्पना मला फार लोभस वाटते. ते नीट रचलं तर खेळाला एवढंच कळतं की संमती देणारी व्यक्ती सज्ञान आहे. नाव, पत्ता, जन्मतारीख काही नाही. गावातल्या जाणत्या माणसाने 'हो, हा त्याचाच बाप' एवढं सांगावं आणि त्यासाठी घरचा सातबारा काढून दाखवायला लागू नये, तसं हे. पण ते असंच रचलं जाईल याची सक्ती नियमांत नाही. खेळ बनवणाऱ्यांनी सोपं म्हणून ओळखपत्राचा फोटोच मागून घेतला, तर एवढी सुंदर युक्ती वाया जाईल.

शिवाय रोहण्यातला तो एकच फोन आहेच. सिम बाबांचं, खातं बाबांचं, ओटीपी बाबांच्या फोनवर येणार, आणि तो फोन पोराच्याच हातात. खेळाच्या लेखी खेळणारा चाळिशीचा शेतकरी. कायदा खात्याचं वय पाहतो, बोटांचं पाहू शकत नाही. बोटांवरून वय ओळखू गेलो तर बीट सेबरचीच गोष्ट पुन्हा सुरू होते, आणि त्यापेक्षा ही फट राहिलेली बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

ओटीपीचा हा मार्ग आपल्याकडे कायद्याआधीच वापरात आला होता. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यांत पब्जी मोबाइल होता. वापरणाऱ्यांची माहिती परस्पर देशाबाहेरच्या सर्व्हरवर जाते अशा तक्रारींचा उल्लेख त्या आदेशामागे होता. जुलै २०२१ मध्ये त्याच खेळाचा भारतीय अवतार बीजीएमआय आला, तेव्हा अठराच्या आतल्यांसाठी पालकाच्या नंबरवर ओटीपी, दिवसाला तीन तासांची मर्यादा आणि ७,००० रुपयांची खर्चमर्यादा होती.

छोट्या कंपन्यांची काळजी मात्र खरी आहे. २५ मे २०१८ ला युरोपचा माहिती-संरक्षण कायदा, जीडीपीआर, लागू झाला, तेव्हा 'सुपर मंडे नाइट कॉम्बॅट' हा खेळ कायमचा बंद झाला. जुनी यंत्रणा नव्या नियमांत बसवायचा खर्च खेळाच्या कमाईला झेपणारा नव्हता. 'रॅग्नरॉक ऑनलाइन'च्या अमेरिकी कंपनीने वर्षानुवर्षं खेळणाऱ्या युरोपीय खेळाडूंना दारं बंद केली. उलट 'फोर्टनाइट'च्या एपिक गेम्सने २०२२ मध्ये मुलांच्या माहितीच्या प्रकरणात २७.५ कोटी डॉलरचा दंड मान्य केला आणि तिचा खेळ चालूच राहिला. त्या प्रकरणातली एक साधी गोष्ट मला महत्त्वाची वाटते. अनोळखी खेळाडूंशी बोलण्याची सोय मुलांसाठी मुळातच चालू ठेवलेली होती. आता ती मुळात बंद हवी. एका बटणाची सुरुवातीची स्थिती, बाकी काही नाही. पुण्यामुंबईच्या छोट्या स्टुडिओंना हे पहिल्या दिवशी ठरवायला फुकट पडतं, पाच वर्षांनी उसवून शिवायला जड जातं.

त्यांच्यापुढचा खरा अवघड प्रश्न वेगळा आहे. मुलाचं कसब मोजून त्याला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी देणं ही त्याच्या वागण्यावरची पाळत झाली का? कायद्याने 'माग काढणं' आणि 'वर्तनावर पाळत' यांची व्याख्या दिलेली नाही. हे या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळापुढे आणि न्यायालयांत उलगडत जाईल.

खेळाडूच्या पदरात पडणाऱ्या दोन गोष्टी मात्र आत्ताच स्पष्ट आहेत. भारतात ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत खेळाडू असलेल्या खेळाला, तीन वर्षं न फिरकलेल्या खेळाडूची माहिती सहसा पुसावी लागेल, आणि पुसण्याआधी किमान ४८ तास त्याला कळवावं लागेल. खात्यात प्रवेश आणि पैशात बदलता येणारी टोकनं यांना त्यातून सूट आहे. दुसरं म्हणजे, कुठली माहिती कशासाठी घेतो हे सांगणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या बावीसपैकी कुठल्याही भाषेत मागता येईल. म्हणजे रोहण्याच्या बाबांनी संमतीचं बटण दाबण्याआधी ती मराठीत मागावी. दिलेली संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज काढून घेता यावी, असंही कायदा म्हणतो. नाही आली काढता, तर आधी कंपनीकडे तक्रार करायची, तिला ९० दिवसांच्या आत उत्तर द्यावं लागेल. तिथे समाधान झालं नाही तर मग मंडळाकडे जायचं.