केबल गेली, की ड्रायव्हर बदलला?

दुधाचा काटा किंवा फॅट मशीन कॉम्प्युटरला जोडताना अनेकदा यूएसबी-सिरियल केबल लागते. खुटबाव, यवत, केडगाव या पट्ट्यात दुधाचा हिशेब घरच्या कॉम्प्युटरवर ठेवणाऱ्यांना हे सांगायला नको. रात्री विंडोजचा अपडेट होतो, सकाळी आकडे स्क्रीनवर येत नाहीत आणि लगेच निदान होते: केबल गेली.

नवी केबल आणण्याआधी डिव्हाइस मॅनेजर उघडा. तिथे केबलच्या नावापुढे पिवळा त्रिकोण आणि ‘कोड १०’ दिसला, तर दोष ड्रायव्हरचा असू शकतो. अशा अनेक केबलींत प्रोलिफिक कंपनीची पीएल २३०३ ही चिप असते. तिच्या जुन्या पिढीला आणि नकली चिपांना कंपनीचे नवे ड्रायव्हर मुद्दाम नाकारतात. ऑक्टोबर २०१४ मध्ये अशाच चिप बनवणाऱ्या एफटीडीआय कंपनीने तर कहर केला. विंडोज अपडेटमधून आलेल्या तिच्या ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला. ती केबल मग दुसऱ्या कॉम्प्युटरवरही ओळखली जाईना. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. नकली माल विकणारे नामानिराळे राहिले आणि भुर्दंड बसला तो केबल वापरणाऱ्याला. हे मला आजही अन्यायाचे वाटते.

म्हणजे ‘नवा ड्रायव्हर नेहमी चांगलाच’ ही समजूत चुकीची आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये केबलच्या प्रॉपर्टीजमधल्या ड्रायव्हर टॅबवर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबले की आधीची आवृत्ती परत येते. ते बटण फिके असेल, तर ‘अपडेट ड्रायव्हर’मध्ये जाऊन कॉम्प्युटरवरच्या यादीतून जुन्या तारखेचा ड्रायव्हर निवडा.

दुसरा गैरसमज जास्त घातक आहे: ‘विंडोज अपडेटच कायमचा बंद करून टाका.’ त्याने ड्रायव्हरबरोबर सुरक्षेचे अपडेटही थांबतात. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधले एक भगदाड बुजवले होते. ज्यांनी तो अपडेट घेतला नाही, त्यांच्यापैकी अनेकांच्या यंत्रांत मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस शिरला. पुढे जूनमध्ये ‘नॉटपेट्या’ या व्हायरसनेही पसरण्यासाठी इतर वाटांबरोबर तेच भगदाड वापरले. त्या हल्ल्यात आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले.

फक्त ड्रायव्हर थांबवता येतात. विंडोज प्रोमध्ये ग्रुप पॉलिसीत विंडोज अपडेटसोबत ड्रायव्हर न घेण्याचा पर्याय आहे. होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसी एडिटर नसतो. तिथे मोबाइल हॉटस्पॉट किंवा वाय-फाय ‘मीटर्ड कनेक्शन’ करून ठेवा आणि अशा कनेक्शनवरून ड्रायव्हर उतरवण्याची सेटिंग बंद आहे ना, ते पाहा. मात्र मीटर्डमुळे सुरक्षेचे अपडेटही अडून राहू शकतात, म्हणून अधूनमधून विंडोज अपडेटमध्ये जाऊन ते हाताने डाउनलोड करा. ‘ऑप्शनल अपडेट्स’मधल्या ड्रायव्हरवर टिक केल्याशिवाय ते येत नाहीत. कंट्रोल पॅनेलमधल्या डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंगवर अनेकांचा भरवसा असतो, पण तिथला प्रश्न मुळात उत्पादकांची ॲप आणि आयकॉन उतरवण्याबद्दलचा आहे. फुकटचे ‘ड्रायव्हर अपडेटर’ तर घेऊच नका.

केबल नीट चालू आहे तोवरच तिच्या ड्रायव्हरची आवृत्ती आणि तारीख वहीत लिहा आणि त्याची इन्स्टॉल फाइल पेनड्राइव्हवर ठेवा.