अनाथ आमेन आणि अलेक्झांड्रियाचा रुमाल

आज कद्दिश या प्रार्थनेबद्दल लिहायचं कबूल केलं होतं, ते राहू द्या. पनवेलच्या एका वाचकबाईंच्या पत्राने माझा लाडका विषय उकरून काढलाय. जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी होणारा कोहनांचा आशीर्वाद त्या मोबाइलवर थेट बघत होत्या. पुरोहितकुळातले शेकडो पुरुष डोक्यावरून शाली ओढून उभे, समोर हजारोंचा समुदाय, आणि प्रत्येक वचनानंतर उठणारा आमेनचा गजर. बाई विचारतात, ‘‘ब्राखा (आशीर्वचन) म्हणणाऱ्यापेक्षा तिला आमेन म्हणणारा थोर, असं तुम्ही मागे लिहिलंत. मग ते थोरपण घरात, सोफ्यावर बसून मिळतं का?’’

प्रश्न आजचा, पण त्याचं उत्तर शोधायला तालमूद या ज्यू धर्मग्रंथात वर्णिलेल्या इजिप्तपर्यंत जावं लागतं. आणि त्याच्याही आधी बेन अझ्झाई या पंडिताकडे.

बेन अझ्झाईने आमेनचे तीन बिघडलेले प्रकार सांगितलेत. हिसकावलेलं, तोडलेलं आणि अनाथ. ब्राखा संपायच्या आत घाईने ठोकून दिलेलं ते हिसकावलेलं. (काहींच्या मते पहिला स्वर नीट न उच्चारता झटकलेलं.) शेवटचा ‘न’ गिळून टाकलेलं ते तोडलेलं. आणि ज्याच्यामागे ब्राखाच नाही, म्हणजे म्हणणाऱ्याने ती ऐकलेलीच नाही, ते अनाथ. शिक्षाही त्याच मापाच्या. हिसकावून म्हणणाऱ्याचे दिवस हिसकावले जातील, तोडणाऱ्याचे तोडले जातील, आणि अनाथ आमेन म्हणणाऱ्याची मुलं अनाथ होतील. शब्दाला सावकाश, पुरता वेळ देणाऱ्याचं आयुष्य मात्र वाढेल.

एका चुकार आमेनसाठी पोरांवर शाप! पहिल्यांदा वाचणाऱ्याला हे अघोरी वाटतं. पण तालमूदमध्येच, शपथांच्या प्रकरणात, याची किल्ली सापडते. दुसऱ्याने घातलेल्या शपथेला तुम्ही आमेन म्हणालात, तर ती शपथ तुम्ही स्वतःच्या तोंडाने घेतल्यासारखी तुमच्यावर बसते. गणना ग्रंथात व्यभिचाराचा संशय असलेली बायको याजकापुढे दोनदा आमेन म्हणते, तेव्हा ती प्रार्थना करत नसते, जबानी देत असते. आमेनच्या आध्यात्मिक ताकदीची चर्चा बहुतेक जण रेश लाकिशपासून सुरू करतात. सगळं बळ एकवटून आमेन म्हणणाऱ्याला स्वर्गाची दारं उघडतात, असं तो म्हणून गेला. (परंपरा सांगते की हा गृहस्थ विद्वान होण्याआधी दरोडेखोर होता, बंद दारांबद्दल त्याला माहिती असणारच.) मला स्वर्गाच्या दारापेक्षा कोर्टाच्या दारातून आत शिरलेलं बरं वाटतं. आमेन ही साक्ष आहे. आणि न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देणाऱ्याला कुठलंही कोर्ट माफ करत नाही.

इथे अलेक्झांड्रिया आडवी येते.

सुक्का प्रकरणात रब्बी येहुदा तिथल्या सिनेगॉगचं वर्णन करतो, आणि ते करताना त्याचं भान हरपतं. दुहेरी स्तंभांच्या रांगा. वडीलधाऱ्यांसाठी सोन्याची 71 आसनं. सोनार, चांदीकाम करणारे, लोहार, विणकर असे सगळे आपापल्या धंद्याप्रमाणे वेगळे बसलेले. परगावाहून कुणी गरजू आला की तो थेट आपल्या धंद्याच्या लोकांत जाऊन बसायचा आणि त्याला काम मिळायचं. समुदाय किती? तालमूद मिसरमधून बाहेर पडलेल्यांच्या दुप्पट आकडा सांगतो. तो आकडा मोजून काढलेला नाही, हे सांगायला नको. पण सभागृह इतकं अफाट होतं की मागच्यांना पुढचा आवाज पोचत नसे. म्हणून मधोमध लाकडी चौथरा, त्यावर सिनेगॉगचा सेवक, हातात रुमाल. ब्राखा संपली की तो रुमाल हलवी आणि सगळं सभागृह आमेन म्हणे.

ऐकलं कुणी? कुणीच नाही, निदान मागच्या रांगांत तरी. मग हजारो तोंडांतून निघालेली ती सगळी आमेनं अनाथच की! आणि रब्बी येहुदा तर म्हणतो, हे ज्याने पाहिलं नाही त्याने इस्राएलचं वैभवच पाहिलं नाही.

या पेचावर मध्ययुगातल्या पंडितांनी फार देखणी कामं केलीत. फ्रान्समधल्या त्रुआ गावचा राशी (मृत्यू 1105) म्हणतो, अलेक्झांड्रियाच्या लोकांना कानांनी कळत नव्हतं, पण कुठली ब्राखा चालू आहे हे माहीत होतं. अनाथ आमेन म्हणजे कान रिकामा नव्हे, डोकं रिकामं. शेजारचा म्हणाला म्हणून मीही म्हणालो, ते अनाथ. कैरवानचे रब्बी निस्सीम यांनी दुसरी वाट काढली. त्यांच्या मते रुमाल हलायचा तो तोरावाचनाच्या ब्राखांना. ज्या ब्राखा ऐकून आपलं स्वतःचं कर्तव्य फेडायचं असतं, तिथे रुमालाने भागत नाही. तिथे शब्द कानावर पडलाच पाहिजे. योसेफ कारोने शुल्हान आरूख या धर्मकायद्याच्या ग्रंथात हीच दुसरी वाट धरली, आणि क्राकोच्या मोशे इस्सर्लेसने तिला आणखी एक अट जोडली: कर्तव्य नसलं तरी कुठली ब्राखा आहे हे ठाऊक नसेल, तर तोंड उघडू नका.

(ते सिनेगॉग पुढे नष्ट झालं. बॅबिलोनी तालमूद त्याचं पाप अलेक्झांडरच्या माथी मारतो. जेरुसलेमचा तालमूद रोमन सम्राट त्राजानचं नाव घेतो, आणि 115 ते 117 सालांतलं ज्यूंचं बंड पाहता तोच बरोबर दिसतो.)

शुल्हान आरूखच्या त्याच प्रकरणात मला सगळ्यात जास्त आवडणारं कलम आहे. दहा जणांच्या मिन्यानमध्ये एक जण मोठ्याने प्रार्थना म्हणतो, तेव्हा उरलेल्या नऊ जणांनी लक्ष देऊन आमेन म्हणायला हवं. ते नसतील, तर त्या पुढाऱ्याच्या ब्राखा वाया गेल्यासारख्याच. म्हणून प्रत्येकाने असं समजून उभं राहावं की आपल्याशिवाय नऊ भरतच नाहीत. म्हणजे ब्राखेशिवाय आमेन अनाथ, आणि आमेनशिवाय ब्राखा निकामी. थोर कोण, हा मागच्या हप्त्यातला वाद इथे मला जरा पोरकट वाटायला लागतो.

आपल्याकडच्या बेने इस्राएल घरातला मलिदा डोळ्यांपुढे आणा. ताटात गोड पोहे, खोबरं, सुकामेवा, भोवती फळं. सफरचंदाला झाडाच्या फळाची ब्राखा, केळ्याला मात्र जमिनीच्या फळाची, कारण केळीला खोड असलं तरी लाकूड नसतं. आता समजा, घरातली कुणी स्वयंपाकघरात आहे. तिला ब्राखा ऐकू आली नाही, बाहेरून फक्त आमेनचा आवाज आला. तिने म्हणावं का? राशीला विचाराल तर तो म्हणेल, आता केळं उचललंय की सफरचंद, एवढं तिला माहीत असेल तर खुशाल म्हणावं. आणि हे फळ काही तिला खायचं नाहीये, म्हणजे कर्तव्य फेडण्याचा प्रश्न नाही. तेव्हा कारोचीही हरकत दिसत नाही.

पनवेलच्या बाईंचा सोफा म्हणजे तेच स्वयंपाकघर, फक्त चार हजार किलोमीटर लांबचं. तरी मध्ये एक नवी अडचण आहे, विजेची. रब्बी श्लोमो झाल्मन ऑयरबाख यांनी मायक्रोफोन आणि टेलिफोनचं काम बारकाईने समजून घेतलं आणि निर्वाळा दिला की पलीकडे ऐकू येतो तो माणसाचा आवाजच नव्हे. विजेने थरथरणाऱ्या पडद्याचा तो नवा आवाज आहे, म्हणून पुरिम सणाला वाचायची एस्तेरची गुंडाळी त्यातून ऐकून कर्तव्य फिटत नाही. हे छापून झाल्यावर त्यांची हझोन ईश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पंडिताशी गाठ पडली. त्याचं म्हणणं पडलं की बोलणाऱ्यामुळेच तो आवाज निर्माण होतो आणि त्याच क्षणी ऐकूही येतो, तेव्हा तो त्याचाच धरायला काय हरकत? ऑयरबाखना हे पटलं नाही. तरी आपल्याच लेखाच्या पुढे त्यांनी ही हरकत नोंदवून ठेवली, हे मला त्यांच्या निर्वाळ्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

इस्राएलचे माजी सेफार्दी मुख्य रब्बी ओवादिया योसेफ मात्र सरळ अलेक्झांड्रियाच्या रुमालाकडे गेले. थेट प्रसारणात कुठली ब्राखा चालू आहे हे कळतंय ना? मग आमेन म्हणा. तेवढ्यावर कर्तव्य मात्र फेडू नका. आणि प्रसारण थेटच हवं. ध्वनिमुद्रणातल्या ब्राखेला आमेन नाही, कारण त्या क्षणी ब्राखा म्हणणारं कुणीच नसतं.

तेव्हा बाई, योसेफांच्या मताने चालायचं तर थेट असेल तेव्हा म्हणा, पण यंत्र आवाज किती उशिरा पोचवतं तेवढं बघून ठेवा. काही पंडित उशिराच्या आमेनलाही अनाथच म्हणतात, आणि इंटरनेटचं थेट प्रसारण बऱ्याचदा काही सेकंद मागे असतं. पुढच्या खेपेला कद्दिश, नक्की. रोज नव्वद आमेनं भरली पाहिजेत असा हिशेब ठेवणाऱ्यांबद्दल दोघांनी विचारलंय, पण त्यांना थांबावं लागेल.