बदलापूरची जांभळं आणि व्हेगन वॉफल

बदलापूरच्या जांभळांना भौगोलिक मानांकन मिळालंय. मे-जूनमध्ये ती बाजारात दिसली की अर्धा किलो जास्तच घ्या, कारण वॉफलवर जांभळाची चटणी मेपल सिरपपेक्षा कितीतरी भारी लागते. (हे माझं मत, भांडायला तयार!)

दूध, अंडं, लोणी, मध काहीच नको. एक वाटी कणीक, दोन चमचे तांदळाचं पीठ, दीड लहान चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. त्यात कुस्करलेलं एक पिकलेलं केळं, पाऊण वाटी नारळाचं दूध आणि दोन चमचे तेल. केळं अंड्यासारखं पीठ बांधून ठेवतं, तांदळाच्या पिठाने कुरकुरीतपणा येतो. फार घोटू नका, वॉफल चिवट होतं. दहा मिनिटं झाकून ठेवा.

साचा कडकडीत तापवून तेलाचा हात फिरवा. वाफ यायची थांबेपर्यंत झाकण उघडायचं नाही, नाहीतर वॉफल मधोमध फाटतं. काढल्यावर ताटात नको, जाळीवर ठेवा.

जांभळाचा गर पिठात मात्र घालू नका. बेकिंग पावडरच्या सोड्याने त्याचा जांभळा रंग निळसर-करडा पडू शकतो. गर गूळ आणि काळं मीठ घालून वेगळा आटवा, वरून ओता. हंगाम नसेल तर चिकू, पपई.

साचा नाही? आप्पेपात्र चालेल.

आणि उल्हासनगरकरांनो, तेलात तळलेला तुमचा दाल पकवान आधीपासूनच व्हेगन आहे बरं का!