नेटसाठी आधी नेट

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चढवलं आणि वायफाय दिसेना, की खापर लिनक्सवर फुटतं. दोष बहुतेकदा फर्मवेअरचा असतो, म्हणजे सुरू होताना वायफाय कार्डात भरावी लागणारी, कंपनीच्या मालकीची छोटी फाइल. डेबियन या लिनक्स वितरणाने २०२२च्या आपल्या मतदानानंतर अशा फाइली इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं. २०२३च्या डेबियन १२ मध्ये त्या आल्या. तरी ब्रॉडकॉमच्या कित्येक जुन्या चिपा अडतातच, कारण त्यांच्या फाइली इतरांना वाटायची परवानगी नाही. त्या नेटवरूनच उतरवायच्या, आता बोला! विंडोजवर चालायचं की, असं कुणी म्हणेल. तिथे ड्रायव्हर बहुधा विक्रेत्यानेच आधी भरलेला असायचा. म्हणून नवं कार्ड घेण्याआधी अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा, टेदरिंग सुरू करा आणि फर्मवेअर उतरवून पाहा.